कॉन्ट्रा, मारिओ, कॅसलव्हेनिया, निन्जा गायडेन: खरा अवघड गेम कुठला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी जुने साइड-स्क्रोलिंग गेम पुन्हा पहिल्यापासून खेळतेय, शक्यतो मध्ये सेव्ह न करता. ओळखीची माणसं तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते. बहुतेक बोलणं निन्टेंडोच्या आठ-बिट फॅमिकॉमवरच्या गेम्सबद्दल आहे. तेच यंत्र अमेरिकेत थोड्या वेगळ्या रूपात एनईएस म्हणून विकलं गेलं, आणि त्याच्याच नकला नव्वदच्या दशकात आपल्याकडे 'टीव्ही गेम' म्हणून आल्या.

साइड-स्क्रोलिंग अ‍ॅक्शन प्लॅटफॉर्मर म्हणजे कुठले गेम?

ज्यात आपला माणूस बाजूने दिसतो, पडदा बहुतेक वेळा डावीकडून उजवीकडे सरकतो, आणि उड्या मारत, शत्रूंना मारत पुढे जायचं असतं ते. मारिओत उडी जास्त आणि मारामारी कमी, कॉन्ट्रात उलट. दोन्ही याच घरातले.

अवघडपणा मोजायचा कसा? प्रत्येकाचं मत वेगळं असतं.

मत वेगळं असतं कारण 'अवघड' हा एकच शब्द आपण निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतो. एकजण म्हणतो कॉन्ट्रा अवघड, कारण एक गोळी लागली की लाईफ गेली. दुसरा म्हणतो कॅसलव्हेनिया अवघड, कारण उडी एकदा मारली की हवेत वळता येत नाही. तिसऱ्याला निन्जा गायडेन छळतो, कारण शेवटच्या बॉसकडे, म्हणजे शेवटच्या मोठ्या शत्रूकडे, हरलं की पूर्ण सहावा अंक पुन्हा खेळावा लागतो. तिघंही बरोबर आहेत, पण बोलतायत वेगवेगळ्या गोष्टींबद्दल.

मी स्वतः प्रत्येक गेमला दोन प्रश्न विचारते. मेल्यावर मला कळलं का, की मी का मेले? आणि मेल्यावर गेमने माझ्याकडून काय काढून घेतलं? पहिल्याचं उत्तर 'हो' असेल तर गेम कितीही कठीण असला तरी पुन्हा स्टार्ट दाबावंसं वाटतं. दुसऱ्याच्या उत्तरावर तो गेम संपवायला किती संध्याकाळी लागतील हे ठरतं. शत्रू किती, गोळ्या किती वेगाने येतात, बॉस किती मोठा, हे सगळं मी त्यानंतर बघते. बघणाऱ्याला ते पटकन दिसतं, खेळणाऱ्याला छळतं ते दुसरंच काहीतरी.

मग सुपर मारिओ सोपा की अवघड?

सुरुवातीला सोपा, शेवटी चांगलाच अवघड. आणि सगळ्यांत प्रामाणिक.

सप्टेंबर १९८५ मध्ये जपानात आलेल्या या गेममध्ये आठ वर्ल्ड आणि प्रत्येकी चार अशा बत्तीस स्टेज आहेत. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी पहिली स्टेज कशी रचलीय ते एकदा शांतपणे बघा. समोरून एक तपकिरी गुंबा चालत येतो. त्याला नुसता धक्का लागला तरी मारिओ मरतो, म्हणजे उडी मारायलाच हवी हे पहिल्या काही सेकंदांत कळतं. पुढे प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्यातून मशरूम निघतो, उजवीकडे घसरत जातो, पाइपवर आपटतो आणि तुमच्याकडेच परत येतो. घाबरून पळायचं म्हटलं तरी बहुतेक वेळा तो अंगावर येतोच, आणि मारिओ मोठा होतो. एक शब्दही न लिहिता गेमने सांगून टाकलं की ही वस्तू चांगली आहे.

दुसरं म्हणजे उडी. बटण थोडं दाबलं तर छोटी, धरून ठेवलं तर मोठी, धावत मारली तर आणखी उंच, आणि हवेत असतानाही पुढे-मागे करता येतं. या एका गोष्टीमुळे मारिओ मेला की चूक आपलीच असते. खड्ड्यात पडताना 'मी दाबलं होतं, पण उडालाच नाही' असं आपण लहानपणी शपथेवर सांगायचो. ते बहुधा रिमोटच्या झिजलेल्या रबरामुळे, गेममुळे नाही.

आठव्या वर्ल्डमध्ये मात्र गेम हात आखडता घेतो. आधीच्या बऱ्याच स्टेजमध्ये अर्ध्यावर पोचलात की मेल्यावर तिथूनच सुरुवात होते, इथे ती सोय नाही. ८-३ मधले हातोडे फेकणारे जोडीदार अजूनही मला थांबवतात. ८-४ हा चकवा आहे: चुकीच्या पाइपमधून गेलात की मागे. एवढं करून राजकन्या सोडवली की गेम पुन्हा सुरू होतो आणि गुंबांच्या जागी आगीने न मरणारी टणक कवचाची किडी येतात.

मारिओमध्ये गेम ओव्हर झाल्यावर पहिल्यापासूनच सुरू करावं लागतं ना?

नाही! आमच्या घरी हे कुणालाच माहीत नव्हतं. गेम ओव्हरनंतर पहिल्या स्क्रीनवर ए बटण दाबून धरायचं आणि मग स्टार्ट. ज्या वर्ल्डमध्ये मेलात त्याच वर्ल्डच्या पहिल्या स्टेजपासून सुरुवात होते. हे एक कळलं असतं तर कित्येक सुट्ट्या सत्कारणी लागल्या असत्या.

३-१ च्या शेवटच्या पायऱ्यांवर कासवाला सारखं उडवत राहून लाईफ वाढवायची युक्ती बहुतेकांना ठाऊक असते. पण तिला मर्यादा आहे. लाईफ १२७ च्या वर गेल्या की गेमचा हिशेब उलटा होतो, आणि पुढच्याच मरणाला थेट गेम ओव्हर. हाव आवरा.

कॉन्ट्रा हा सगळ्यांत अवघड गेम आहे का?

नाही. तो सगळ्यांत अवघड *वाटतो*.

कोनामीने तो १९८७ मध्ये आधी आर्केडसाठी, म्हणजे दुकानातल्या नाणं टाकून खेळायच्या यंत्रांसाठी, काढला आणि १९८८ मध्ये घरच्या यंत्रावर आणला. तीन लाईफ, एका गोळीत मरण, पडद्याच्या दोन्ही बाजूंनी न थांबता धावत येणारे सैनिक. वर्णन भीतीदायक आहे. पण मेल्यावर काय होतं ते बघा. तुम्ही जिथे मेलात जवळपास तिथेच वरून खाली येता, क्षणभर लुकलुकता, आणि गेम पुढे चालू. मागे कुणी पाठवत नाही. बॉसला निम्मा मारलेला असेल तर तो निम्माच राहतो. शत्रूच्या गोळ्या एका बेताच्या वेगाने येतात, डोळ्याला दिसतात, उडी मारून चुकवता येतात. उडी हवेत वळते आणि कोलांटी घेताना अंग आक्रसतं, म्हणून लहान फटीतूनही सुटता येतं.

गेमने खरं काढून घेतलेलं असतं ते हत्यार. एस हे अक्षर असलेली गोळी, जी पंख्यासारखी पाच दिशांना पसरते, ती हातात असेल तर कॉन्ट्रा मध्यम गेम आहे. ती गेली आणि साधी बंदूक हातात आली की तोच गेम डोंगर होतो. म्हणून कॉन्ट्रात एक मरण पुढच्या तीन मरणांना बोलावतं. सहावी स्टेज, जिथे आगीचे झोत चालू-बंद होतात, आणि सातवी, जिथे जमिनीतून काटेरी भिंती वर येतात, तिथपर्यंत एस टिकवून आणला असेल तर गेम संपवाल असं मी बिनदिक्कत सांगते. एस असताना समोर एल किंवा एफ, म्हणजे दुसऱ्या हत्याराचं अक्षर, पडलं तर त्याच्यावरून उडी मारा, उचलू नका. हा एक नियम पाळला तरी निम्मं काम झालं.

आणि हा गेम लहान आहे. आठ स्टेज, सरावलेला हात असेल तर अर्ध्या तासाच्या आत संपतो. लहान गेम पाठ होतो, आणि पाठ झालेल्या गेमची भीती उरत नाही.

तीस लाईफचा कोड नेमका काय होता? आमच्या कॅसेटवर चालायचा नाही.

पहिल्या स्क्रीनवर: वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, बी, ए, आणि मग स्टार्ट. दोघांना खेळायचं असेल तर स्टार्टच्या आधी सिलेक्ट.

हा कोड मुळात कॉन्ट्रासाठी जन्मला नाही. काझुहिसा हाशिमोतो १९८६ मध्ये ग्रॅडियस हा विमानांचा गेम घरच्या यंत्रावर आणत होते. चाचणी घेताना तो त्यांना स्वतःलाच फार अवघड जात होता, म्हणून सगळी हत्यारं एकदम मिळतील असा कोड त्यांनी घातला आणि तो गेममध्ये राहून गेला. हाशिमोतो २०२० मध्ये वारले. जगभरच्या किती मुलांनी त्यांच्यामुळे शेवटचा बॉस बघितला असेल!

तुमच्या कॅसेटवर न चालण्याचं कारण बहुधा कॅसेटच. 'शंभर गेम', 'हजार गेम' अशा कॅसेटमध्ये एकच गेम थोडा बदलून पुन्हा पुन्हा घातलेला असायचा: एकात लाईफ जास्त, एकात सुरुवात चौथ्या स्टेजपासून, एकात हत्यार आधीच हातात. कॉन्ट्राच्या अवघडपणावर आपल्याकडे एकमत होत नाही त्याचं हेही एक कारण आहे. आपण सगळे एकच कॉन्ट्रा खेळलेलोच नाही.

दोघांनी खेळलं की कॉन्ट्रा सोपा होतो का?

पहिल्या दोन स्टेजमध्ये हो, तिसरीत अजिबात नाही. तिसरी स्टेज म्हणजे धबधबा. तिथे पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला माणूस पडद्याबाहेर गेला की मरतो. वरचा उडी मारतो आणि खालच्याचा जीव जातो. सांगलीला आत्याकडे माझा आतेभाऊ पुढे आणि मी मागे. "दादा थांब ना, वर जाऊ नको" हे वाक्य त्या मे महिन्यात मी किती वेळा म्हटलं असेल त्याला गणती नाही. शेवटी आम्ही ठरवलं की कुठल्या दगडावर कोण थांबणार हे आधी बोलून घ्यायचं, आणि त्याच दिवशी धबधबा पार झाला. दोघांचा कॉन्ट्रा हा बोटांपेक्षा बोलण्याचा गेम आहे.

कॅसलव्हेनियाचा माणूस इतका जड का चालतो? गेम खराब आहे की मी?

दोघंही नाही. तो तसाच घडवलाय, आणि माझ्या मते या सगळ्या गेम्समध्ये सर्वांत विचारपूर्वक घडवलेला अवघडपणा कॅसलव्हेनियाचा आहे.

कोनामीचाच हा गेम सप्टेंबर १९८६ चा. सायमन बेलमाँट चाबूक घेऊन ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात शिरतो. चाबूक उगारायला क्षणभर लागतो. उडी सुरू झाली की तिची कमान ठरलेली, मध्येच मागे फिरता येत नाही. जिन्यावर असताना उडी मारता येत नाही. फटका बसला की सायमन मागे फेकला जातो, आणि मागे खड्डा असेल तर वरच्या पट्टीत सोळाच्या सोळा घरांचा जीव शिल्लक असूनही मेलात. म्हणजे इथे हाताच्या चपळाईपेक्षा आधीचा विचार लागतो. बटण दाबायच्या आधी ठरवायचं, दाबल्यानंतर पश्चात्तापाला जागा नाही.

त्याच्या बदल्यात शत्रू कमालीचे नियमित आहेत. मेड्युसाची मुंडकी लाटेसारखी वर-खाली होत येतात आणि ती लाट कधी बदलत नाही. एकदा तिचा ताल पकडला की नजर न उचलता चाबूक मारता येतो. फटक्याची किंमत मात्र वाढत जाते: सुरुवातीला एका फटक्याला दोन घरं, शेवटच्या भागात चार. सोळा घरांत चार फटके, संपलं.

याचा कळस म्हणजे पंधराव्या स्टेजमधला मृत्यू, हातात विळा घेतलेला बॉस. त्याच्याआधी एक लांब दालन आहे, जिथे कुऱ्हाडी फेकणारे चिलखती योद्धे आणि वरून मुंडकी एकाच वेळी येतात. उत्तर आहे पवित्र पाण्याची बाटली. ती शत्रूला जागीच गोठवते. बाटली आणि तिच्याबरोबर तिप्पट फेकायची ताकद न मरता मृत्यूपर्यंत नेली तर तो बॉस हलूसुद्धा शकत नाही. आणि मध्ये एकदा मेलात तर बाटली गेली. खरी परीक्षा त्या दालनाची आहे, बॉसची नाही. कंटिन्यू, म्हणजे गेम ओव्हरनंतर पुढे खेळायची संधी, हवे तितके मिळतात, त्यामुळे चिकाटी असेल तर हा गेम कुणालाही संपवता येतो.

घोस्ट्स एन गॉब्लिन्स दोनदा का संपवावा लागतो?

कॅपकॉमच्या तोकुरो फुजिवारा यांनी १९८५ मध्ये आर्केडसाठी केलेला हा गेम. आर्थर नावाचा सरदार. पहिल्या फटक्याला चिलखत उडतं आणि तो चड्डीवर येतो, दुसऱ्याला सांगाडा. सगळ्या स्टेज पार करून शेवटच्या खोलीत पोचलात की गेम सांगतो, हा सगळा भास होता, सैतानाचा सापळा होता. पुन्हा पहिल्यापासून, आधीपेक्षा कठीण. दुसऱ्या फेरीनंतर खरा शेवट.

मला हा गेम आवडत नाही, आणि कारण अवघडपणा हे नाही. उडी कॅसलव्हेनियासारखीच ठरलेली आहे, पण शत्रू तसे नियमित नाहीत. जमिनीतून प्रेतं कुठेही उगवतात. लाल पंखांचा राक्षस तुमची हालचाल बघून झेप घेतो. वाटेत चुकून मशाल उचलली गेली तर पुढची कितीतरी मिनिटं त्या वाईट हत्यारावर काढावी लागतात. माझा पहिला प्रश्न, 'का मेले ते कळलं का', याचं उत्तर इथे पुष्कळदा 'नाही' असंच येतं. घरच्या यंत्रावरची आवृत्ती तर आर्केडपेक्षा अडखळत चालते. ज्यांनी तो दोनदा संपवलाय त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

निन्जा गायडेनबद्दल लोक इतकं का बोलतात?

कारण पाच अंक तो या काळातला सर्वांत सुंदर गेम आहे आणि सहाव्यात तो सगळं परत मागतो.

टेक्मोने डिसेंबर १९८८ मध्ये काढलेला हा गेम सहा अंकांचा आहे. दोन अंकांच्या मध्ये सिनेमासारखी चित्रं आणि संवाद येतात, त्या काळात ही मोठी नवलाई होती. र्‍यू हायाबुसा वेगाने पळतो, भिंतीला चिकटतो, एका भिंतीवरून दुसरीवर उडतो. सायमनच्या जडपणानंतर र्‍यू हातात घेतला की पंख फुटल्यासारखं वाटतं.

पण शत्रू पडद्याच्या एका ठराविक जागेशी बांधलेले आहेत. ती जागा पडद्यावर आली की शत्रू हजर. तुम्ही त्याला मारलं आणि घाबरून एक पाऊल मागे आलात, जागा पडद्याबाहेर गेली, पुन्हा पुढे झालात, की तोच शत्रू पुन्हा जिवंत. म्हणजे हा गेम कचरणाऱ्याला शिक्षा देतो. त्यात पक्षी. ते बरोबर उडीच्या मध्यावर येतात, फटका बसतो, र्‍यू मागे फेकला जातो आणि थेट खड्ड्यात. जीव किती उरलाय याला अर्थच राहत नाही.

इथवर मी गेमच्या बाजूने आहे, कारण हे सगळं शिकता येतं. सहाव्या अंकाच्या शेवटी तीन बॉस एकामागून एक येतात. त्यातल्या कुणाकडूनही हरलात की ६-१ पासून सुरुवात. गेमच्या सर्वांत कठीण स्टेज पार करून पुन्हा तिथपर्यंत यायचं, आणि बॉसशी सराव मिळतो मिनिटभराचा. ज्या गोष्टीचा सराव हवा तीच सर्वांत कमी मिळते. एक दिलासा आहे: एकदा मारलेला बॉस मेलेलाच राहतो, परत आलात की पुढच्यापासून लढायचं. कंटिन्यूही अमर्याद आहेत. तरी हा गेम संपवायला मला जेवढ्या संध्याकाळी लागल्या तेवढ्या बाकी कुठल्याच गेमला लागल्या नाहीत.

मेगा मॅन २ सोपा म्हणतात ते खरं का?

तुलनेने हो, आणि तो मुद्दाम तसा आहे. १९८८ च्या या गेममध्ये आठ बॉसपैकी कुणाकडेही आधी जाता येतं आणि प्रत्येकाला मारलं की त्याचं हत्यार मिळतं, जे दुसऱ्या कुणाचं तरी औषध असतं. म्हणजे अडलात तर बोटं सुधारायच्या ऐवजी क्रम बदलून बघता येतो. मी मेटल मॅनपासून सुरू करते, मग बबल, हीट, वुड, एअर, क्रॅश, फ्लॅश आणि शेवटी क्विक मॅन. क्विक मॅनच्या स्टेजमध्ये एका स्पर्शात मारणारे प्रकाशझोत आहेत. फ्लॅश मॅनकडून मिळालेलं वेळ थांबवायचं हत्यार तिथे वापरता येतं. पासवर्ड असल्यामुळे रात्री यंत्र बंद करून झोपता येतं, हीसुद्धा त्या काळात चैन होती.

अमेरिकेत गेला तेव्हा त्यात सोपा आणि कठीण असे दोन पर्याय घातले. कठीण म्हणजेच मूळ जपानी गेम.

अ‍ॅडव्हेंचर आयलंड, तो फळं गोळा करणारा? त्याचा नंबर कुठे?

लोक समजतात त्यापेक्षा खूप वर. हडसनचा १९८६ चा गेम, गोंडस दिसतो, पण एका स्पर्शात मरण, आणि वर भूक सारखी कमी होत जाते, म्हणून उभं राहून विचार करायलाही वेळ नाही. स्केटबोर्डवर तर थांबताच येत नाही. बॉस म्हणजे तोच राक्षस, डोकं बदलून. बत्तीस राउंड त्याच त्या प्रकारे. शेवटी दमवतो तो हा एकसुरीपणा.

बॅटलटोड्स?

१९९१, रेअर कंपनी. तिसऱ्या स्टेजमधली वेगवान गाडी आणि भिंती यामुळे बहुतेकांनी चौथी पाहिलीच नाही. तो निव्वळ पाठांतराचा गेम आहे. दोघांनी खेळताना एकमेकांना फटके लागतात. शिवाय अमेरिकन एनईएस आवृत्तीत अकराव्या स्टेजवर दुसऱ्या खेळाडूचा रिमोट चालतच नाही, त्यामुळे दोघांनी मिळून तो संपवणं अशक्य. ही उघड चूक आहे, अवघडपणा नाही.

हे गेम मुळात इतके अवघड का बनवले?

एक कारण आर्केडचं. तिथे नाणं टाकून खेळायचं, आणि तुम्ही लवकर मेलात तर पुढचं नाणं पडतं. कॉन्ट्रा आणि घोस्ट्स एन गॉब्लिन्स दोन्ही तिथूनच घरी आले. जे गेम थेट घरासाठी बनले ते बनवणारी माणसंही त्याच वळणाची.

दुसरं कारण जागेचं, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. आख्खा सुपर मारिओ ४० किलोबाइटचा आहे. कॉन्ट्रा १२८ किलोबाइटचा. आज फोनवर काढलेला एक फोटो याच्या कितीतरी पट भरतो. एवढ्याशा जागेत मावतो तो गेम न अडखळता खेळला तर तासाभरातच संपणार, आणि घरातल्यांनी त्यासाठी चांगले पैसे मोजलेले. मग तो महिनाभर पुरवायचा कसा? खेळणाऱ्याला पुन्हा पुन्हा मागे पाठवून. आपण ज्याला अवघडपणा म्हणतो त्यातला बराच भाग म्हणजे थोड्या धान्यात मोठं कुटुंब जेवू घालायची युक्ती आहे.

जपानी आणि अमेरिकन आवृत्तीत फरक असतो का?

असतो, आणि वाद घालायच्या आधी तुम्ही कुठली खेळलात ते विचारून घ्या. तिसरा कॅसलव्हेनिया जपानात १९८९ ला आला. अमेरिकेत गेला तेव्हा फटके जास्त लागायला लागले. तिसऱ्या निन्जा गायडेनच्या अमेरिकन आवृत्तीत कंटिन्यू मोजकेच ठेवले. सेगा या दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावरचा कॉन्ट्रा हार्ड कोअर, १९९४ चा: जपानात तीन फटके सोसता येतात, अमेरिकेत एकाच फटक्यात मरण. अमेरिकेत कॅसेट भाड्याने मिळायच्या, जपानात तो धंदा कायद्यामुळे जवळपास नव्हताच. शनिवार-रविवारच्या भाड्यात गेम संपू नये म्हणून तो कठीण केला, असं यामागचं कारण सांगितलं जातं.

उलटही घडलं. १९८६ चा जपानी सुपर मारिओ २, ज्यात विषारी मशरूम आहेत आणि वारा मध्येच ढकलतो, तो निन्टेंडोने अमेरिकेला न देता दुसऱ्याच एका गेमवर मारिओची पात्रं बसवून दिली. मूळ गेम तिकडे १९९३ मध्ये एका संग्रहातून पोचला.

लहानपणी मी कॉन्ट्रा सहज संपवायचो, आता टीव्हीवर किंवा मोबाइलवर पहिली स्टेजही जमत नाही. वय झालं का?

वयाला लगेच दोष देऊ नका. जुन्या काचेच्या टीव्हीवर बटण आणि चित्र यांच्यात अंतर जवळपास नसायचं. आजचा सपाट टीव्ही चित्र सुधारण्यात काही क्षण घालवतो, आणि या गेम्समध्ये तेवढ्याने खड्डा चुकतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड असेल तर तो चालू करा. मोबाइलच्या काचेवर बोटाला बटण कुठे आहे ते लागतच नाही, तिथे कॉन्ट्रा खेळणं हा मुळातच वेगळा गेम. साधा तारेचा यूएसबी रिमोट घ्या.

आणखी एक: हे गेम सेकंदाला ६० चित्रांच्या हिशेबाने बनले. पाल पद्धतीच्या टीव्हीसाठीच्या यंत्रावर ती ५० व्हायची, म्हणजे बरेच गेम सुमारे सहाव्या हिश्शाने संथ. आपल्याकडचे टीव्ही पालच होते. तुम्ही लहानपणी संथ यंत्रावर शिकला असाल तर आजचा गेम खरोखरच वेगवान आहे, तुमचा भास नाही. शिवाय आपल्या रिमोटवर टर्बोची बटणं असायची, धरून ठेवलं की गोळ्या आपोआप सुटायच्या. मूळ रिमोटवर ती नव्हती.

मध्येच सेव्ह करणं किंवा रिवाइंड वापरणं म्हणजे फसवणूक का?

शिकण्यासाठी वापरत असाल तर नाही. निन्जा गायडेनच्या शेवटच्या बॉससमोर सेव्ह करून त्याचा वीस वेळा सराव केला, आणि मग सगळं बंद करून पहिल्यापासून खेळलात, तर गेममधला अन्याय तेवढा गेला आणि आव्हान राहिलं. पण प्रत्येक उडीनंतर रिवाइंड करत कॅसलव्हेनिया संपवला तर त्या मुंडक्यांचा ताल तुम्हाला कधीच सापडणार नाही, आणि गेममध्ये मिळवण्यासारखं तेच तर आहे.

माझी मुलगी आठ वर्षांची आहे. कुठून सुरुवात करू?

सुपर मारिओ, आणि तिच्या शेजारी बसून. कसं खेळायचं ते सांगू नका, पहिली स्टेज तिला स्वतः सांगेल. मग दोघं मिळून तीस लाईफचा कॉन्ट्रा. धबधब्यावर तिला वर जाऊ द्या, तुम्ही खाली मरा. त्यानंतर मेगा मॅन २. कॅसलव्हेनिया तिने मागितला तरच.

एवढं सांगितलंत, तर क्रमही लावा.

न सेव्ह करता, मूळ नियमांनी संपवायचं धरलं तर माझ्या अनुभवाने सोप्याकडून अवघडाकडे: मेगा मॅन २, सुपर मारिओ, कॉन्ट्रा, कॅसलव्हेनिया, अ‍ॅडव्हेंचर आयलंड, निन्जा गायडेन, बॅटलटोड्स, घोस्ट्स एन गॉब्लिन्स. मारिओ आणि कॉन्ट्राची अदलाबदल कुणी केली तर मी भांडणार नाही. निन्जा गायडेन कॅसलव्हेनियाच्या आधी ठेवला तर भांडेन.

निन्जा गायडेनच्या ६-२ मध्ये अडकलोय. काही उपाय?

मागे पाऊल टाकायचं नाही, ही पहिली गोष्ट. मारलेला शत्रू परत येतो तो तुमच्या त्याच पावलामुळे. कड्यावर पोचायच्या आधी शत्रू कुठे उगवतो ती जागा पाठ करा आणि तो दिसायच्या आत तलवार चालवायला सुरुवात करा. पक्ष्याला बघून मारायला गेलात तर उशीर झालेला असतो. कड्याच्या अगदी टोकावर उभं राहू नका, फटका बसला तरी मागे दोन पावलं जमीन हवी. जवळ असलेलं खास अस्त्र जपून ठेवू नका, ६-२ साठीच ते आहे, इथेच खर्च करा. आणि पाच-सहा वेळा एकाच पक्ष्याने खाली पाडलं की रिमोट बाजूला ठेवून चहा टाका. मी हे सगळं केलं, आणि ६-२ पार झाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिल्याच डावात.